नाल्याकडचा वाटा

नांदगाव खंडेश्वर,
६ मार्च १९५८

तीर्थरूप चिंतामणदादास,
धाकट्या अनूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

वहिनीचा दमा कसा आहे ते लिहा. इकडे माझा जीव टांगणीले लागला आहे. हे गेल्यावर आता देवीदासभाऊजीनं वावराचे दोन वाटे पाडले. आपली रीत तुमाले ठाऊक आहे, एकानं पाडाचे अन दुसऱ्यानं उचलाचा. पाडव्याले पंचासमोर मले उचलाचा आहे. एकदा बोट ठेवलं की फिरत नाही.

भाऊजीनं बांधाबांधानं साखळी टाकून चारी धुरे मोजले. रस्त्याकडचा वाटा काटकोनात, पाच साखळ्या रुंद, सात लांब. नाल्याकडचा तिरपा आहे. त्याचे धुरे पाच, सहा, पाच, आठ. समोरासमोरच्या बाजूची सरासरी काढून गुणलं त दोन्ही साडेतीन एकर भरले. सासूबाई म्हणून राहिल्या, नाल्याकडचा घे, त्यात विहीर आहे. पण माझं मनच घेत नाही. तारी अन विमी, दोघी पोरी याच तुकड्यावर वाढाच्या आहेत, दादा. चुकली त त्यायले काय खाऊ घालू? झोप नाही, काही सुचत नाही. लवकर लिहा.

माया आहे तशी ठेवा.
तुमची अनू

अकोला,
१० मार्च १९५८

चि. अनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी रडली. मग मला म्हणाली, शाळेत पोरांना छड्या मारता, आता बहिणीचं एवढं एक गणित सोडवा.

अगं, नुसत्या चार बाजूंवरून तिरप्या चौकोनाचं क्षेत्रफळ निघतच नाही. बाज कलली की लाकडं तेवढीच राहतात, पण निजायला जागा कमी होते. सरासरीची रीत तिरप्या तुकड्याला फुगवून सांगते. तू समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताण, दोन त्रिकोण पडतील. प्रत्येकात लांब धुऱ्यावर समोरच्या कोपऱ्यातून काटकोनात साखळी टाक. धुरा गुणिले ती उंची, त्याचं निम्मं. दोन्हींची बेरीज कर, दहा चौरस साखळ्यांचा एक एकर.

शेजारच्या रजियाबीला सोबत ने. आणि देवीदासला काही बोलू नकोस. तुझ्या पदरात दोन मुली आहेत, भलेपणा नंतर कर.

तुझ्या काळजीत असलेला,
दादा

नांदगाव खंडेश्वर,
२४ मार्च १९५८

तीर्थरूप दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

रजियाबीनं साखळीचं टोक धरलं. सहाच्या धुऱ्यावर उंची चार, आठच्या धुऱ्यावर तीन. बारा अन बारा चोवीस. म्हणजे नाल्याकडचा वाटा दोन एकर सोळा गुंठेच. तीनदा हिशेब केला. पाडव्याले मी रस्त्याकडच्यावर बोट ठेवलं.

संध्याकाळी भाऊजी पोरींसाठी गाठ्या घेऊन आले. म्हणाले, वहिनी, विहीर माझ्याकडं आली, मले लाज वाटून राहिली, पाणी तुमचंच समजा. म्हणाले, भावाच्या माघारी कोणी बोट दाखवू नये म्हणून चारदा मोजलं. ती रीत चुकते हे त्यायले माहीतच नव्हतं, दादा. त्यायनं इमानदारीनं मोजलं अन मी गप्प बसली.

दोघाले सारखं कराचं त बावीस गुंठे मले सोडा लागतात. तेवढ्यावर पोरींची वर्षाची ज्वारी होते. तुमी रागवाल, रागवा. पण मधचा धुरा नेमका कुठून कुठं सरकवाचा ते गणित करून पाठवा, अन माझं मन फिराच्या आत पाठवा.

रागातही आठवण काढत जा.
अनू