झेंडूची वाट

२६ ऑक्टोबर २०२४, अहेरी

तेनोच आज पुन्हा जेवला नाही. झेंडू हवा म्हणे! माझ्या वॉर्डात आमचेच जखमी मावत नाहीत, त्यात हे अझ्टेक कैदी — घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

अझ्टेकांच्या चांदीसाठी भांडतात इंग्रज आणि स्पेन. अझ्टेक राजा स्पेनच्या बाजूनं. आणि इथं राज्य इंग्रजांचं, म्हणून त्यांच्या बाजूनं मरायला आमच्या झाडीपट्टीतली पोरं — यांना जंगलाची सवय असते म्हणे! माझा धाकटा भाऊ आदेश लहानपणी मोहाच्या झाडावरून पडला, तेव्हापासून डावा पाय ओढत चालतो. त्यालाही नेलं, वाटाड्या म्हणून. दोन पावसाळे झाले. 'बेपत्ता' — एवढंच कळवलं.

२९ ऑक्टोबर

म्हातारा तेनोच इथे राहून आमची बोली शिकलाय. म्हणाला, त्यांच्याकडे या दिवसांत दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात. तिच्यावरून मेलेली माणसं घरी येतात. फक्त मेलेलीच.

"बाई, माह्या बायकोले अहेरी कुठी हाये मालूम नाई. फुलं नसन तं ते कशी येईन?"

मला हसू आलं. मग घरी येऊन खूप रडले.

३१ ऑक्टोबर

दिवाळीचा बाजार. दोन टोपल्या झेंडू घेतला. फुलवाली सोमारी विचारत होती, एवढा काऊन? पूजेला, म्हटलं.

सिंदेवाहीहून आईचा फोन. आदेश भाऊबीजेला नक्की येणार, ओवाळायचं ताट तयार ठेव म्हणे. तिला कोण समजावणार!

१ नोव्हेंबर

काल संध्याकाळी तेनोचच्या खाटेपर्यंत पाकळ्या पसरल्या. आज सकाळी तो पोटभर जेवला. बायको आली होती म्हणतो. मी विश्वास ठेवत नाही. पण खाटेजवळ ओल्या मातीचा वास होता, आणि पाऊस तर कधीच संपलाय.

२ नोव्हेंबर

एक टोपली उरली होती. दिवस मावळायच्या आत जंगलाच्या कडेपासून माझ्या क्वार्टरच्या दारापर्यंत वाट केली. वेडी झालेय मी!

कोणी आलं नाही, तर आदेश जिवंत आहे. मला एवढंच बघायचंय. देवा, कोणी येऊ नये.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

पाकळ्या दारापर्यंत तुडवलेल्या. उजवीकडच्या नुसत्या दबल्यात. डावीकडच्या फरफटल्यात.

आईला अजून फोन केला नाही. ताट तयारच होतं. उंबऱ्याशी उभी राहून ओवाळलं.