चॉक म्हणजे खडू नव्हे

अकोले,
दि. २३ सप्टेंबर १९९८

चि. नितीन यास,

अक्काचा सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद. सौ. माधुरीलाही जय भीम सांग. तिच्या गुडघ्याचं ऐकलं. नुसतं तेल चोळून काही होणार नाही, वजन कमी करायला सांग (मी सांगितलं म्हणून सांगू नकोस). आमचं विचारशील तर तुझ्या दाजींचा खोकला बरा आहे, तुझ्या भाचीचं, दीपाचं शिवणकाम जोरात चालू आहे आणि माझं ब्लडप्रेशर वाढलेलं आहे. ते कुणामुळे वाढलं हे कळवण्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. तेव्हा आधी चहा घे, खाली बस आणि शेवटपर्यंत वाच. मागचं पत्र तू खिशात तसंच ठेवून पँट धुवायला टाकलीस हे माधुरीनेच मला फोनवर सांगितलं.

गेल्या दिवाळीत लोणावळ्याच्या कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातलं ते पूलचं टेबल तू टेम्पोत घालून आणलंस आणि आमच्या पुढच्या गाळ्यात बसवलंस. मला विचारलं नाहीस. अक्का रिटायर झाली, तिला घरात करमत नसेल, तेवढाच विरंगुळा, असं दाजींना म्हणालास. (करमत नव्हतं हे खरं आहे. नोकरीत होते तेव्हा जेवायला बसले की हमखास कोणीतरी बाळंतपणाला बोलवायला दार वाजवायचं, आणि रिटायर झाल्यावर दूधवाला सोडून कोणी फिरकेना. पण म्हणून कोणी बहिणीच्या घरात खाटेपेक्षा मोठी वस्तू आणून ठेवतं का?) त्या संध्याकाळी तू गल्लीतल्या पोरांना खेळ शिकवलास. पांढऱ्या बॉलने दुसरे बॉल पॉकेटात घालायचे, एकाने पट्ट्यांचे घ्यायचे, दुसऱ्याने बिनपट्ट्यांचे, आणि आपले संपले की शेवटी काळा. मग माझ्या हातावर एक हिरवी चौकोनी वडी ठेवलीस आणि म्हणालास, अक्का, हे चॉक, काठीच्या टोकाला लावायचं. संपलं तुझं ट्रेनिंग. सकाळच्या गाडीने तू पुण्याला. आम्हाला नुसतं इंजेक्शन द्यायला शिकवताना मेट्रनने महिनाभर उशीला सुया टोचायला लावल्या होत्या.

कसं लावायचं ते सांगितलं नाहीस म्हणून पोरांनी आपापली पद्धत काढली. कोणी वडीत काठी घालून भोक पाडल्यासारखी गरगर फिरवायचा. कोणी वरून फुंकर मारायचा, म्हणजे सगळी पूड टेबलाच्या कापडावर आणि उरलेली माझ्या डोळ्यांत. एका शहाण्याने तर थुंकी लावली. (त्याला मी डेटॉलने हात धुवायला लावले आणि काठीलाही लावलं.) तुझी पेटी पावसाळ्याच्या तोंडावर संपली. मी तुला पत्र टाकलं. उत्तर नाही.

मग तुझे दाजी म्हणाले, त्यात काय एवढं, चॉक म्हणजे खडू. आणि स्टेशनरीच्या दुकानातून फळ्यावर लिहायचे खडू घेऊन आले. नितीन, आयुष्यभर एसटी चालवलेल्या माणसाला घसरणं म्हणजे काय हे कळायला हवं होतं. खडूची पूड भुसभुशीत, ती टोकाला धरतच नाही. पहिल्याच पोराने बॉलच्या बुडात जोर लावून मारला, काठी सटकली, बॉल टेबलावरून उडाला, उंबऱ्यावर एक टप्पा घेतला आणि बाहेर उभ्या असलेल्या जीपचा आरसा फोडला. जीप गोरक्षची. तोच गोरक्ष, राजूरच्या रस्त्यावर जीप चालवतो, शर्टाची वरची दोन बटणं कधी लावत नाही. (तो पायाळू जन्मला. मीच ओढून काढला. तेव्हापासून तो सगळीकडे पाय आधी घालतो.) आरशाचं तो काही बोलला नाही, पण कापडावरच्या पांढऱ्या रेघा बघून सगळ्यांसमोर म्हणाला, "सिस्टर, इथं बाराखडी शिकवता का काय?"

दुसऱ्या दिवशी मी दीपाचा कपड्यावर खुणा करायचा खडू आणला. दिसायला तो चपटा, गुळगुळीत, मला वाटलं हा चिकट आहे, टिकेल. तो मेणाचा निघाला. टोक साबण लावल्यासारखं झालं. खेळणाऱ्या पोराची काठी बॉलच्या बाजूने सटकली, तो टेबलावर पालथा पडला आणि काठीने कापड फाटलं. दीपाने मशीन सोडून येऊन ते रफू केलं. इतकं बारीक केलं की आता कुठे फाटलं होतं ते मलाही शोधावं लागतं. पण जाताना तिचा खडू परत घेऊन गेली.

त्यानंतर तुझं पार्सल आलं. मला वाटलं, उशिरा का होईना, भावाला आठवण झाली. उघडून बघते तर लाल चॉक. अरे, टेबल तूच आणलंस ना, त्याचं कापड हिरवं आहे हे तुला दिसलं नव्हतं? हिरव्या कापडाला हिरवं चॉक घ्यावं म्हणजे डाग पडला तरी दिसत नाही, एवढं तरी. शिवाय ते ओलसर, ढेकळासारखं. लावावं तिथे न लागता भलतीकडे पसरायचं. आठवड्यात टेबलाची अशी कळा झाली की दवाखान्यातली माझी जुनी मैत्रीण कडूबाई भेटायला आली, दारात थबकली आणि हळूच विचारलं, "इथं कुणाची डिलिव्हरी झाली का गं?" मी दीपाच्या ब्रशने दोन दुपारी कापड घासत बसले होते. त्या दोन्ही दुपारी मी तुझी आठवण काढली. तुला उचकी लागली नसेल तर आश्चर्य आहे.

शेवटी मीच नाशिकला गेले. काठी बरोबर घेतली, कारण ज्याला औषध द्यायचं त्याला तपासल्याशिवाय औषध कसं घेणार. दीपाने काठीला लांब खोळ शिवून दिली. एसटीत कंडक्टरने खोळ चाचपली आणि विचारलं, आजी, यात काय? मी म्हटलं, पूलचं सामान आहे. तो म्हणाला, कुठल्या पुलाचं काम निघालंय, प्रवरेच्या का? सिन्नर येईपर्यंत मी त्याला समजावत होते. शेवटी त्याने मान डोलावली आणि शेजारच्याला सांगितलं की बाई ठेकेदारीण आहे.

दुकानदार त्याहून वरचढ. म्हणाला, "मावशी, नातवाला पाठवा, त्याला कळेल." मी म्हटलं, नातू अजून व्हायचा आहे, तोवर मलाच दाखव. त्याने चार प्रकारच्या पेट्या काउंटरवर टाकल्या आणि सगळं एकच आहे म्हणाला. मी एकेक काठीच्या टोकाला हलक्या हाताने लावून पाहिलं, मग काठी उजेडात धरली, मग टोक तळहातावर टिचकीने झटकलं. एकाची सगळी पूड हातावर आली. एकाचे गोळे झाले. एक वाळूसारखं खरखरीत. चौथं बारीक दाण्याचं, हिरवं, पण तेही अर्धंमुर्धं गळालं. मी पेटीवर एक्सपायरीची तारीख शोधली, तेव्हा तो माणूस हात जोडून म्हणाला, "मावशी, चॉक आहे हे, कॅप्सूल नाही." मी ऐकलं नाही. तेच हिरवं चॉक त्याच्या दुकानातल्या नव्या काठीला लावलं, तर तिथे छान बसलं. म्हणजे चॉकचा दोष नव्हता. आपल्या काठीचं चामड्याचं टोक घासून घासून जुन्या चपलेसारखं गुळगुळीत झालं होतं, त्याला काही धरणार कसं? शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून पॉलिश पेपर आणला, टोक जरासं खरबरीत केलं, पुन्हा लावलं, झटकलं. एक कण पडला नाही. दुकानदाराने बघितलं, पण कबूल काही केलं नाही. उलट म्हणाला, पॉलिश पेपर आमच्याकडेही मिळतो.

घरी आल्यावर मी शिस्त लावली. चॉक माझ्या जुन्या किडनी ट्रेमध्ये (दवाखान्यातली ती वाकडी स्टीलची वाटी) ठेवलं आणि ट्रे घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसले. ज्याची पाळी त्याने यायचं, टोक दाखवायचं, दुसरीकडे तोंड करून चॉक लावायचं (टेबलावर नाही), ब्रश फिरवल्यासारखं हलकं, कडेपासून मध्यापर्यंत, आणि वडी ट्रेमध्ये उताणी ठेवायची. फुंकर नाही. थुंकी तर नाहीच. पोरं ऐकायला लागली. निम्म्यांची नाळ मी कापलेली आहे, ऐकणार नाहीत तर जातील कुठे? बॉल उडायचे थांबले. आणि खरं सांगते, दुपारी गाळा रिकामा असताना मीही हात मारून पाहायला लागले. वाकायला कंबर कुरकुरते, पण नेम बरा आहे. शीर सापडायला जो हात लागतो तोच लागतो.

गोरक्षला हे खपलं नाही. तो संगमनेरला खेळून येतो, खिशात स्वतःचं निळं चॉक बाळगतो, कोणाला देत नाही, आणि ते वापरून झालं की टेबलाच्या काठावर पालथं ठेवतो. काठावर निळा चौकोन उमटतो. मी त्याला ट्रे पुढे केला. तो पोरांकडे बघून म्हणाला, "सिस्टर, ह्यो खेळ हाय का पोलिओचा डोस?" सगळी हसली. मला नोकरीत वरिष्ठ डॉक्टरसुद्धा कधी असं बोलला नाही. मी म्हटलं, ज्याला टोकाची काळजी घेता येत नाही त्याने खेळाचं सांगू नये. तो म्हणाला, "मग तुमीच खेळून दावा. मी जिकलो तर ही दारातली खुर्ची उठली पायजे. तुमी जिकल्या तर मी रोज रांगेत उभा राहीन." आणि हरलात तर तुमच्याकडं काय शिकायचं, आमी समदे संगमनेरला जाऊ, असंही वर बोलला. मी हो म्हटलं. गाळा पुन्हा रिकामा झाला तर काय, हा विचार रात्री अंथरुणावर पडल्यावर आला.

रविवारी दुपारी गाळ्यात उभं राहायला जागा नव्हती. दीपा मशीन थांबवून आली. मी पदर खोचला. सुरुवातीला गोरक्षने धडाधड बॉल घातले आणि माझ्याकडे न बघता हसला. पण त्याने वडीत भोक पाडून पाडून नुसत्या कडा उरवल्या होत्या. निळी पूड काठीच्या बाजूंना लागलेली आणि टोक मधोमध कोरडं. ऐन वेळी त्याची काठी सटकली आणि पांढरा बॉल भलतीकडे गेला. मी प्रत्येक वेळी ट्रेपाशी जायचे, टोक बघायचे, दोन हात फिरवायचे आणि मग वाकायचे. पोरं कंटाळली, पण माझे बॉल जात राहिले. शेवटी काळा राहिला, कोपऱ्यापाशी. गाळ्यात कोणी खोकलंसुद्धा नाही, तुझे दाजीही नाही. मी मारला. काळा पॉकेटात गेला. पोरांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. आणि तेवढ्यात तो पांढरा बॉल, लग्नात जेवून झाल्यावर पान खायला निघालेल्या पाहुण्यासारखा, सावकाश काळ्याच्या मागोमाग गेला आणि आत पडला.

गोरक्ष हळूच म्हणाला, "सिस्टर, गेम गेली तुमची."

नितीन, काळ्याबरोबर पांढरा गेला तर माणूस हरतो, हे तू मला सांगितलं नव्हतंस. मी भांडले. म्हटलं, काळा आधी पडला, माझं काम तिथेच झालं, पुढे पांढऱ्याने काय करावं हा त्याचा प्रश्न. आणि तेव्हा तुझे दाजी, ज्यांनी आजवर चार लोकांत माझं म्हणणं खोडलं नाही, ते म्हणाले, "न्हाई, नितीननं मला सांगितलं हुतं तसं." दाजींना सांगितलंस. मला नाही. टेबल माझ्या विरंगुळ्याला आणि नियम दाजींना.

मी खुर्ची उचलली, ट्रे आत नेऊन फडताळात ठेवला. सोमवारी गाळ्यात कोणी येणार नाही असं धरून भाकरी थापत बसले. दुपारी गोरक्षचा आवाज आला, तो दीपाला विचारत होता, ती वाटी कुठं हाय. दीपाने नेऊन दिली. मी दाराच्या फटीतून पाहिलं. त्याने हिरवं चॉक घेतलं, भिंतीकडे तोंड केलं, हलक्या हाताने लावलं, आणि वडी उताणी ठेवली. माझ्याकडे पाठ होती, पण बोलला ते मला ऐकू यावं अशा बेताने. "सिस्टर भायेर न्हाई बसल्या का आज? पोरं इचारत्यात." मी परत भाकरी थापायला बसले. मला राग आलेला होता आणि तो तुझ्यावरचा होता, त्याच्यावर खर्च करायचा नव्हता.

तर माझं म्हणणं एवढंच की झाला तेवढा विरंगुळा पुरे. धम्मचक्र दिनाच्या आत टेम्पो घेऊन ये आणि तुझं टेबल घेऊन जा. दीपाला शिवणक्लाससाठी गाळा लागणार आहे. माझा निश्चय झाला आहे, त्यात आता बदल होणार नाही. मुलांना पापा, माधुरीला गुडघ्याचं सांग, आणि बहिणीचा जीव असा टांगणीला लावू नये एवढं तुला अजून कळत असेल अशी आशा धरून पत्र आवरते.

तुझी अक्का,
भिमाबाई

ता. क. पत्र दीपाने वाचलं. तिने गाळा मागितलेलाच नाही म्हणते, आतल्या खोलीत उजेड चांगला आहे म्हणे. तेव्हा टेम्पो आणू नकोस. एसटीने ये.

ता. क. दुसरा. धम्मचक्र दिनानंतरच्या रविवारी माझी आणि गोरक्षची पुन्हा गेम आहे. पंच म्हणून दोघांनीही तुझं नाव घेतलं, कारण इथे नियम फक्त तुलाच माहीत आहेत असं सगळ्यांना वाटतं. त्याआधी गोरक्ष पेढे घेऊन तुझ्याकडे पुण्याला येणार आहे असं कानावर आलं. पेढे ठेवून घे, जेवायला वाढ, निकालाचं काही बोलू नकोस. आणि काळ्याबरोबर पांढरा गेला तर हरतो हा नियम तू लोणावळ्यात ऐकलास की नुसता अंदाजाने सांगितलास, ते नीट आठव. घाई करू नकोस. तुला गोवर आला होता तेव्हा रात्रंदिवस तुझ्या उशाशी कोण बसलं होतं, ते आधी आठवलंस तर हेही बरोबर आठवेल.