सीताफळाला बांधलेली गाणी

गारखेडा,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय रूपा,

फोनच केला असता, पण फोनवर तू कुजबुजतेस, मी "काय? काय म्हणालीस?" करत बसते आणि शेवटी दोघीही वैतागून ठेवून देतो. म्हणून पत्र. शिवाय जे सांगायचंय ते ऐकताना तू मध्येच हात हलवून "पुरे" म्हणशील, हेही मला पक्कं ठाऊक आहे. पत्राला असं गप्प करता येत नाही.

आधी आमच्या घरचा पराक्रम ऐक. यंदा खंडेनवमीला माझ्या सासूबाईंनी, आशाबाईंनी, हार्ड डिस्कची पूजा केली. दरवर्षी आमच्या ह्यांचे, सर्जेरावांचे पाने-पकडी पाटावर मांडतात, माझ्या क्लासच्या कम्प्युटरलाही कुंकवाचं बोट लागतं. यंदा त्यांनी विचारलं, "ही काळी डबी कशाची गं?" मी आपली शिकवायच्या सवयीनं सुरू झाले. कम्प्युटरची रॅम म्हणजे काटवट, काम चालू आहे तोवरच तिच्यात पीठ, वीज गेली की रिकामी. आणि ही डिस्क म्हणजे धान्याची कणगी, वीज असो नसो, भरलेलं तसंच राहतं. कणगी म्हटल्यावर त्या माउलीनं काय करावं? हळदकुंकू, झेंडू, अक्षता आणि वर आंब्याच्या पानानं सढळ हातानं पाणी. सर्जेरावांनी ती ओलीच कम्प्युटरला जोडली. जरा टिकटिकली आणि गप्प झाली. मी कपाळाला हात लावून बसले, तर सासूबाई म्हणतात, "तूच म्हनलीस ना, समदं ह्याच्यात हाय. मग पूजा नको व्हय?"

दुकानात दाखवली, त्यांनीही हात टेकले. बाकी सगळं दुसरीकडं होतंच. आमच्या सायलीचे फोटो पेनड्राइव्हवर, क्लासचे धडे क्लाउडवर. एकच गोष्ट तेवढी फक्त त्या डिस्कवर होती. तुझी गाणी. तू गात होतीस तेव्हा तूच हौसेनं दिलेली. आता तू म्हणशील, बरं झालं गेली ती. पण मला नाही बरं वाटलं. मी दोन दिवस नीट जेवले नाही, रूपा.

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा तुझी संस्कृती पाळण्यात होती. गळ्यातल्या गाठीनं आवाजाची नस धरली होती, गाठ काढली, जीव वाचला, आवाज गेला. तेव्हाचं सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला आठवतं ते एवढंच, की तू बाजाची पेटी कपाटावर चढवलीस आणि गाण्यांच्या सीड्यांची पिशवी घेऊन आमच्याकडं आलीस. माझ्या सासऱ्यांना म्हणालीस, खुलताबादच्या शेतात सीताफळांवर पोपट येतात ना, झाडाला बांधा, चमकल्या की पाखरं पळतील. मी पिशवी घेतली. तुझा चेहराच तसा होता.

डिस्क गेल्यावर मी खुलताबादला गेले. फकिरा मामंजींना विचारलं, तर म्हणाले, "पोपट लई बिलंदर झालेत, आता नाय भेत त्या चकत्यांना." झाडांवर होत्या त्या उन्हानं पार पांढऱ्या पडलेल्या, आरपार दिसणाऱ्या. एकेक हातात घेऊन बघताना मला रडू आलं. मामंजींना वाटलं, पोपटांनी खाल्लेल्या फळांसाठी रडते. मग ते कोठ्यात गेले आणि गोडेतेलाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. सगळ्या एकदम बांधल्या नव्हत्या त्यांनी, लागतील तशा काढायचे. तळाशी गोणपाटात एक उरली होती, तुझ्या अक्षरातली. कडेचा मुलामा सोलपटलेला, पण मधला भाग शाबूत.

सीडी आतून बाहेर लिहिली जाते, हे मी दर बॅचला शिकवते. मुलं परीक्षेपुरतं ऐकतात. त्या दिवशी मात्र मला त्या वाक्याचा अर्थ कळला. कड खराब झाली म्हणजे शेवटचं जाणार, सुरुवातीचं राहणार. मऊ कापडानं मधून बाहेर पुसत आणली, क्लासमधला जुना ड्राइव्ह काढला आणि लावली. गाणी आली, रूपा! खरखरत का होईना, एकामागून एक आली. शेवटचं मात्र पहिल्या कडव्यापर्यंतच. तुझ्या वडिलांनी, मोतीरामकाकांनी रचलेलं, "पोरी, पाटीवर उजेड लिही".

आता खरी गोष्ट. ते वाजत होतं तेव्हा संस्कृती क्लासला आली. दारातच थांबली आणि म्हणाली, "मावशी, माझ्या आईचं हिला कसं काय येतं?" मी म्हटलं, तुझ्या आईचं म्हणजे? तर म्हणाली, "आई मला झोपवताना हेच म्हणायची ना, कानात. मला तर वाटायचं ती कविता हाय." सोळा वर्षांच्या त्या पोरीला ते सगळं पाठ आहे, शब्दन् शब्द, आणि त्याला चाल आहे हे तिला माहीतच नव्हतं. कुजबुजीत चाल कुठून येणार? मी तिला सांगितलं, हिला येतं कारण ही तुझी आईच आहे. बाई गं, तिनं त्या स्पीकरवर हात ठेवला तो काढेचना.

गाणं तुटलं तिथं ती थांबली नाही. दुसरं कडवं तिनं म्हटलं, तुझ्याच चालीत. तिसरंही. तुझ्यासारखा आवाज नाही तिचा, जरा जाड आहे, वरच्या सुरात डगमगतो. पण सरळ आहे. मी ते टिपून घेतलं आणि तुझ्या कडव्याला जोडलं. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, त्यात तेच गाणं आहे. या खेपेला चार ठिकाणी प्रती ठेवल्यात, आणि आशाबाईंना एकही दाखवलेली नाही.

हे सगळं लिहायचं कारण असं. तुमच्या पडेगावात जयंतीच्या कार्यक्रमात तिला हे गाणं म्हणायचंय, पण तुला विचारायची तिची छाती होत नाही. तुझ्यापुढं गायलं तर तुझा जीव दुखेल असं तिला वाटतं, म्हणून पोर माझ्या क्लासमध्ये दार लावून गाते. हे पत्र मी तिच्याच हाती देतेय. तू वाचत असशील तेव्हा ती आत उगाच भांडी वाजवत असेल. तुला हाक मारता येत नाही, म्हणून तू तिला टाळी वाजवून बोलावतेस ना? आधी गाणं पुरतं ऐक. मग वाटलं, तर पेटी खाली काढ आणि टाळी वाजव. ती तेवढ्याचीच वाट बघतेय.

तुझीच,
सुरेखा