डायगोनली म्हणजे तिरपे

पाटोदा,
३ ऑक्टोबर २०२४

चि. शिवकन्येस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर नुसती रडत होतीस, म्हणून पत्र लिहायला लावलं. रडत रडत नीट लिहिता येत नाही. आता प्रकरण समजलं. दुकान देवळाच्या ‘डायगोनली ऑपोझिट’ आहे, याचं मराठी आरोहीनं ‘देवळासमोर’ असं केलं. तू गुण कापलास, तिचा पहिला नंबर हुकला. आणि ती नात तुझ्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांची! माफीनामा दे, नाहीतर नोकरीत कायम करणार नाही म्हणतात.

चूक तिचीच. चौकात देवळाकडून बघ. नाकासमोर येतं ते ऑपोझिट; पलीकडच्या कोपऱ्याकडे मान वळवावी लागते ते डायगोनली ऑपोझिट. बुद्धिबळातला उंट जातो तसं, तिरपं. मी उभा जन्म हेच शिकवलं. अध्यक्षांच्या नातीसाठी शब्द सरळ होत नाही.

माफी मागायची नाही. दसऱ्याला ये, धपाटे करते. रडका चेहरा तिकडेच ठेवून ये. लोभ आहेच, तो मागू नये.

तुझी आत्या,
गंगासागर

चौसाळा,
९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अध्यक्षांनी माफीनामा टाइप करूनच ठेवला होता. म्हणाले, लई शिकलीस बाई, पण समोर म्हंजी समोरच हाय, तिरपं-बिरपं काय न्हाई, कर सही. मी लाल पेन काढलं, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत कागदभर रेघ ओढली आणि म्हटलं, सर, याला डायगोनली म्हणतात.

नोकरी गेली. आई बोलत नाही. बाबा म्हणाले, आत्यावर गेलीस. शिवी होती की कौतुक, तुम्हीच ठरवा.

शाळेच्या चौकातच, पलीकडच्या कोपऱ्यात खोली घेतली आहे, इंग्रजीची शिकवणी सुरू करते. पाटी रंगवणारे राधाकिशनमामा म्हणतात, ‘शाळेसमोर’ लिहू, लोकांना तेवढंच कळतंय. मी हो म्हटलं. दसऱ्याला पाटी लागेल. तुम्ही याच. लोभ असू द्या, रागासकट.

तुमची,
शिवकन्या

पाटोदा,
११ ऑक्टोबर २०२४

चि. शिवकन्येस,
आशीर्वाद.

कौतुकच होतं. माझ्या भावाला ते नीट करता येत नाही, एवढंच.

पण पाटीवर ‘शाळेसमोर’? ज्या शब्दापायी नोकरी गमावलीस, तो राधाकिशनच्या हाती देतेस? खोली पलीकडच्या कोपऱ्यात आहे ना? मग ‘शाळेच्या समोर, तिरपे’ लिहायला सांग. अक्षरं मोठी हवीत, अध्यक्षांना खुर्चीतून वाचता येतील एवढी.

उद्या सकाळच्या गाडीनं धपाटे घेऊन येते. पाटी आधी वाचीन, मग आत येईन.

आत्या