न दिसणाऱ्या रफूचा खटला

चिरंजीव जावईबापूंना म्हाताऱ्या सासऱ्याचे आशीर्वाद पोचोत. पाठीतली उसण उतरली का? लेक सांगत होती, बसवत नाही म्हणून. (कोर्टाच्या बाकावर सगळ्यांना बसवतं, अनुभवाने सांगतो.) मी ठणठणीत आहे. जामिनावर सुटलेल्या माणसाला आजारी पडून चालत नाही, तारीख चुकते.

तो काळा कोट तुम्ही दुकानात आणलात त्याला सात महिने झाले. धुऊन, घडी घालून आणलात आणि म्हणालात, "मामा, खिळ्याला अडकून बाही फाटली, संध्याकाळपर्यंत द्या." कोट तुमच्या साहेबांच्या भागीदाराचा आहे आणि साहेबांनी कचेरीत त्याच्यावर सुरी चालवली तेव्हा तो त्याच्या अंगात होता, हे मला पुढे पोलिसांनी सांगितलं. भागीदाराच्या दंडाला सहा टाके पडले, बाहीला माझे दोनशे. कोणाचे सुबक, ते मी कशाला सांगू? आतल्या शिवणीतून त्याच कोटाचे धागे काढून भरले होते. (मला गुरू कोणी नाही, स्वतःचे सदरे फाडून शिकलो. तुमच्या सासूबाई अजून बोलून दाखवतात.)

माझा वकील म्हणाला होता, पुरावा बिघडला एवढ्याने गुन्हा होत नाही. हा पुरावा आहे हे माहीत असून तो मुद्दाम लपवला, असा हेतू सिद्ध करावा लागतो. मी निर्धास्त होतो. कोर्टात सरकारी वकिलाने भिंग लावून चीर शोधली, न्यायाधीशांनी चष्मा पुसून पुसून शोधली, कोणाला सापडेना. शेवटी मीच उत्साहाने उठून बोट ठेवलं. हात दाखवून अवलक्षण! मग सरकारी वकिलाने गोड आवाजात विचारलं, "आजोबा, रफू करताना तुमचा हेतू काय असतो हो?" मी छाती फुगवून म्हणालो, "फाटलं होतं हे कोणाला कळू नये, दुसरं काय?" माझ्या वकिलाने कपाळावर हात मारला. लेखनिकाने मात्र शब्द न् शब्द उतरवून घेतला. साऱ्या जन्मात माझ्या कामाची लेखी दखल घेतली ती एवढीच.

तुम्ही पोलिसांना सांगितलंत, 'मी नुसती पिशवी पोचवली, आत काय ते ठाऊक नाही.' बढती मिळाल्याचंही कळलं. अभिनंदन.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.

तुमचा सासरा, सध्या आरोपी

ता. क. गुरुवारी तारीख आहे. येऊन 'खिळ्याला अडकला असं मीच सांगितलं होतं' एवढंच बोला. खरंच आहे ते. तुमची नोकरी जाईल हे कळतं, पण माझी तीन वर्षं जातील, आणि या वयात ती परत येत नाहीत.

आणखी एक ता. क. खिळ्याने फाटलेलं कापड दातेरी असतं. ती चीर सरळ होती. सुईत धागा ओवण्याआधीच मला कळलं होतं. जावयाला तोंडावर खोटारडा कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसलो आणि शिवलं. कापडाबद्दल मला शपथेवर खोटं बोलता येणार नाही, तेव्हा मला कोणी विचारायच्या आत तुम्ही बोला. आणि हे पत्र फाडून टाका. नको, फाडू नका, तो दुसरा गुन्हा होईल, आणि या खेपेला हेतू माझ्याच अक्षरात. शिवाय फाडून उपयोगही नाही. नक्कल लेकीने वाचली आहे.