उमेदवारी मागे घेण्यास चार दिवस जादा मिळावेत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
प्रभाग क्रमांक सात,
निवडणूक कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माघारीची मुदत उद्या दुपारी तीनला संपत असून ती वाढवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझ्या नामनिर्देशनपत्राची पोच. २) आपल्या कारकुनांनी खिडकीतून दिलेला तोंडी सल्ला : "आजोबा, घरी जा."

महोदय,

१. अर्जदार हा सोळा मजली इमारतीतला निवृत्त लिफ्टमन असून सध्या दुसऱ्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर एकटा राहतो. नोकरीत असताना परस्परविरोधी पक्षांचे दोन पुढारी माझ्या लिफ्टमध्ये नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मधे अडकले होते. बाहेर आले ते व्याही होऊन. लग्नाची तारीखही आतच ठरली. हे शपथेवर सांगायला तयार आहे, मात्र साक्षीदार कोणी हयात नाही.

२. घरी माणूस येतो तो निवडणुकीतच. पूर्वी चारही पक्षांचे कार्यकर्ते धापा टाकत वर यायचे. मी पाणी द्यायचो आणि म्हणायचो, "अजून ठरलं नाही हो माझं." की दोन दिवसांनी पुन्हा हजर. गेल्या खेपेस एका पक्षाचे लोक अकरा वेळा आले. अकराव्या वेळी त्यांनी माझा नळही दुरुस्त केला.

३. यंदा कोणीच आले नाही. चौकशी करता असे कळले की आपल्या भागातले पाइपवाले शेठ चारही पक्षांना देणगी देतात. त्यांनी चौघांना एकत्र बसवून सांगितले, "पैसा माझाच, मग आपापसात कशाला उडवता?" त्यानुसार तिघांनी उमेदवारच दिला नाही आणि शेठजींचे भाचे तेवढे उरले. बिनविरोध म्हटल्यावर माझे मत ठरले काय आणि न ठरले काय, जिने कोण चढणार?

४. सबब मीच अर्ज भरला. दहा सूचकांच्या सह्यांसाठी दहा दारे वाजवली. समोरच्या बाई म्हणाल्या, "अय्या, तुम्ही अजून इथेच राहता?" सही मात्र केली. चिन्ह म्हणून लिफ्ट मागितली, ती यादीत नाही. शिडीवर समाधान मानले.

५. दुसऱ्याच दिवशी शेठजींचे मॅनेजर आले. बिनसाखरेचा चहा, गुडघेदुखी, गृहस्थ सज्जन. म्हणाले, "काका, किती मतं पडणार तुम्हाला? शेठजींना उगाच प्रचाराला बाहेर पडावं लागेल." मी म्हटले, "विचार करतो. उद्या या." ते आले. रोज येत आहेत, आज नववा दिवस. छताची गळती काढून देतो म्हणाले, नवा चष्मा म्हणाले, मोठ्या दवाखान्यात तपासणी म्हणाले. मी प्रत्येक वेळी उद्याचा वायदा केला आणि मधल्या वेळात लिफ्टच्या गोष्टी सांगितल्या. लिफ्ट छत फोडून विसाव्या मजल्यावर गेली ती गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "काका, इमारत सोळा मजली ना?" या नऊ दिवसांत त्यांनी जितके लक्ष देऊन माझे ऐकले, तितके नऊ वर्षांत कोणी ऐकले नव्हते. परवा तर ते खुर्चीतच झोपले. मी पंखा हळू केला आणि बसून राहिलो. घरात दुसऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

६. काल मी माझी अट सांगितली. छत गळू दे. निवडणूक झाल्यावरही तुम्ही दर बुधवारी यायचे, आजच माघार घेतो. मॅनेजरनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "शेठजींना विचारावं लागेल." जिन्यात जाऊन फोन केला. परत आले ते हसत. मंजुरी मिळाली होती : दर बुधवारी अर्धा तास, वर्षभर. मी लेखणी शोधायला उठलो, तेवढ्यात ते म्हणाले, "फक्त माणूस बदलेल, काका. मला दुसऱ्या प्रभागात पाठवतायत. पण येणारा चांगला असेल, मी सांगून ठेवतो."

७. मी लेखणी सापडत नाही असे सांगितले. ती खिशातच होती.

८. तरी माघारीची मुदत निदान चार दिवस वाढवावी, म्हणजे तेवढे चार दिवस ते येतील. नियमात हे बसत नसल्यास माझा अर्ज कायम समजावा आणि रीतसर मतदान घ्यावे. शेठजींचा निरोप घेऊन आपल्याकडे कोणी आल्यास अर्जदाराचे डोके ठिकाणावर नाही असे ते सांगतील. कृपया त्यावर विसंबू नये. मी पडणार हे मला ठाऊक आहे. परंतु उमेदवाराला मतदान केंद्रात दिवसभर बसता येते असे आपल्याच पुस्तिकेत छापले आहे. मतदार यादी मी भिंगाने तपासली. मॅनेजर साहेबांचे नाव आपल्याच प्रभागात आहे, केंद्र माझेच आहे. मतदान झाले तर त्यांना रांगेत उभे राहावे लागेल, आणि त्या रांगेतून शेठजींना आपला माणूस बदलता येणार नाही. ते मत कोणाला देतात हे मी विचारणार नाही.

आपल्या उत्तराची घरीच वाट पाहणारा, आपला नम्र,

(सही)
अपक्ष उमेदवार, प्रभाग क्रमांक सात
दिनांक : माघारीच्या मुदतीचा आदला दिवस

सोबत :
१) नामनिर्देशनपत्राच्या पोचेची प्रत.
२) मतदार यादीच्या पानाची प्रत. एका नावाखाली पेन्सिलची रेघ आहे. दप्तरी दाखल करण्यापूर्वी ती खोडावी, गृहस्थांची नोकरी जाईल.