ओळीला स्तंभानेच का गुणायचं?

मंगळवार, संध्याकाळ. काचीगुडा.

इंटरच्या, म्हणजे अकरावीच्या, मुलींना आज मॅट्रिक्स शिकवायला घेतलं. आडव्या ओळी, उभे स्तंभ, बेरीज, सगळं सुरळीत. गुणाकाराला समीना उठली. "मॅडम, प्लस तो जगह की जगह करे. मल्टिप्लाय में आडी लाइन कू खडी से कायकू?"

मी म्हटलं, "रूल है."

"तो रटनाइच है," म्हणाली आणि वही मिटून बसली. ती मिटलेली वही डोळ्यांपुढून हलेना. इतकी वर्षं शिकवतेय, पण कारण मला तरी कुठे ठाऊक होतं?

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "परवा पाहुणे येतायत. दोन भांडी इडलीचं पीठ, एक डोशाचं. तांदूळ किती भिजवू गं?"

इडलीच्या भांड्याला तीन वाट्या, डोशाच्या भांड्याला चार. दोन त्रिक सहा, एक चोक चार, मिळून दहा. बोलता बोलता थबकले. भांडी म्हणजे आडवी ओळ, तांदूळ म्हणजे उभा स्तंभ! ज्याची भांडी त्याच्याच तांदळाशी गुणायची, मग बेरीज. उडदाचा स्तंभ वेगळा. दुसरं काही करताच येत नाही. मग वर्गात हे का नाही सुचलं? पुन्हा ती मिटलेली वही.

राहवेना. समीनाला फोन करून वाट्यांसकट सगळं सांगितलं.

"मॅडम, आप अब तक मेरा सवालइच सोच रै थे?"

"हौ."

"फिर एक और पूछूं?"

तिनं विचारलं, "दोनों मॅट्रिक्स की जगह बदले तो जवाब कायकू बदलता?" त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.